सुतक लागत नाही

शके १८५९, वैशाख वद्य ९

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच जातात. या वर्षी त्यांवर रोजचं काही लिहावं म्हणते.

आज नांदुऱ्याचे नारायणराव आले होते. वय ऐंशीच्या आसपास, आडनाव आमचंच, लहाने. त्यांचे पूर्वज कधीकाळी आमचं जानेफळ सोडून नांदुऱ्याला गेले, एवढंच आमच्या घरात माहीत. चहा घेऊन म्हणाले, "शेषराव, आपला भाट वारला. त्याचं पोरगं आता मोटर चालवते, वह्या म्हने उधईनं खाल्ल्या. वंशावळ कोन सांगन? नांदुऱ्याची बाजू माझ्या डोक्यात हाय. तुमची कोनाजवळ हाय?"

ह्यांनी माझ्याकडे हात केला. "पेटीत मोडी कागद हायेत बापाच्या वेळचे. वाचता हिलेच येते. मॅट्रिक हाय ना." एरवी हे ऐकून पाहुणे हसतात. म्हातारे हसले नाहीत. म्हणाले, "मंग सूनबाई, बसा. पहिलं नाव सटवाजी. लिवा."

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. माझं मोडी खामगावला वडिलांनी शिकवलं, ते इथे कोणाच्या कामी आलं नव्हतं. आज आलं. देवाची इच्छा.

वैशाख वद्य १२

नारायणराव तीन दिवस राहून गेले. सटवाजीला दोन मुलगे. थोरला इथे राहिला, तो आमचा. धाकटा नांदुऱ्याला गेला, तो त्यांचा. काय कारणानं गेला म्हणून विचारलं तर म्हणाले, "बैल मेला तं दोष कोनाचा, यावरून. बैलाचं नाव सुदिक माहीत हाय मले, पन ते लिवू नका."

कागदावर रेघा मारून द्यायला रुख्मिणी बसली. रुख्मिणी म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. मी या घरात आले तेव्हा सहा वर्षांची होती, त्याच साली मामंजी गेले, तेव्हापासून ती माझ्याच हाताखाली. आता सतरावं. मला मूलबाळ नाही. तिचं कन्यादान ह्यांच्या आणि माझ्या हातून होईल, त्यासाठी आईनं दिलेली तांब्याची झारी मी चिंच लावून ठेवते.

ज्येष्ठ शुद्ध ६

नारायणरावांचा नातू शालिग्राम पुढची नावं घेऊन आला. खामगावच्या कापूस बाजारात काट्यावर तोलाच्या पावत्या लिहितो. उन्हाळ्यात बाजार बंद, त्यामुळे मोकळा असतो. अक्षर सरळ. पायांत धूळ घेऊन आत आला नाही, रांजणाशी पाय धुतले. मला वहिनी म्हणतो.

ज्येष्ठ वद्य १

शालिग्राम पुन्हा आला. एका खेपेला दोनच पिढ्या लिहून आणतो. सगळे कागद एकदम का आणत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाला, मोटरीत हरवले तर आजोबा पुन्हा सांगू शकतील याचा नेम नाही. जबाबदार मुलगा आहे. मोटरीचं भाडं मात्र फुकट जातं त्याचं.

रुख्मिणीला हल्ली रेघा मारायचा नाद लागला. मोकळ्या पानांवरही मारून ठेवते.

आषाढ शुद्ध ३

वंशावळ पुरी झाली. सटवाजी धरून नारायणराव आठवे, त्यांचा मुलगा किसनराव नववा, शालिग्राम दहावा. इकडून सासरे नववे, हे दहावे. बायकांची नावं घालत नाहीत. नारायणरावांना भीत भीत विचारलं होतं, तर म्हणाले, "रुख्मिणीचं लिवा. रेघा तिच्या, नाव काऊन नाई." म्हणून दहाव्या ओळीत ह्यांच्या शेजारी तिचं लिहिलं. सगळ्यात शेवटी, अगदी कडेला, शालिग्राम. दोन घराण्यांच्या कडा तिथे कागदावर एकमेकींजवळ येतात.

भाद्रपद शुद्ध ७

आज महालक्ष्म्या बसायच्या. पहाटेच मुखवटे घासून झाले, सोळा भाज्या निवडून ठेवल्या. दहाच्या सुमारास डाकवाला अंगणात आला. नांदुऱ्याचं कार्ड, कोपरा फाडलेलं. उभ्यानंच वाचलं. नारायणराव ऋषिपंचमीला गेले.

आमच्याकडची रीत अशी की सात पिढ्यांच्या आत दहा दिवस सुतक, त्यापुढे चौदापर्यंत तीन दिवस, त्याहून लांब असेल तर नुसती अंघोळ. पिढ्या मीच मोजल्या आहेत. तीन दिवस होतात. म्हणजे आजचा दिवस सुतकात, महालक्ष्म्या बसणार नाहीत.

सासूबाईंना सांगितलं. त्या मखराशी होत्या. म्हणाल्या, "कोनाचं सुतक?"

"नांदुऱ्याच्या नारायणरावांचं."

"ते कोन आपले? अडीचशे वर्साखाली गेले. माह्या लग्नात आले नाई, तुह्या लग्नात आले नाई. त्या कागदाच्या आधी कोनाले ठाऊक होते?"

"तरी भाऊबंदच ना."

"लक्ष्म्या मी आली तवापासून कधी राह्यल्या नाईत या घरात, तुहे मामंजी गेले त्या वर्सा सोडून. तू एका कार्डापायी बंद ठेवतं काय? लिही त्याईले. सुतक लागत नाई म्हनून."

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, आई म्हणते तसं. मी कार्ड लिहिलं. "आपल्याकडील दुःखद वर्तमान कळले. अंतर फार झाल्याने आम्हांस सुतक लागत नाही. कळावे." सासूबाईंनी दोनदा वाचून घेतलं.

नंतर मी न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. तीन दिवस नाही तर निदान एवढं. शास्त्र अर्धं पाळलं तर काय होतं ते मला माहीत नाही. रुख्मिणीलाही म्हटलं, बाई, तूही घे. म्हातारा तुझ्या नावाला हो म्हणाला होता. ती नाही म्हणाली. दोनदा सांगितलं. "मले नाई लागत वहिनी त्यायचं सुतक. कधीच नाई लागत." डोळे लाल होते. पडसं असावं. पडशात न्हाऊ नये हेही खरंच.

भाद्रपद शुद्ध ८

महालक्ष्म्या जेवल्या. पुरण चांगलं झालं. मी मात्र देवीपुढे हात जोडताना चुकारासारखी उभी राहिले.

आश्विन वद्य ४

नांदुऱ्याहून उत्तर नाही. कार्ड मिळालं की नाही कळत नाही.

कार्तिक शुद्ध २

लिहायला बसले आहे, पण कुठून सुरू करू.

आज भाऊबीज. सकाळीच शालिग्राम आला. हातात आजोबांचं चष्म्याचं घर आणि एक वही. "आजोबांनी सांगून ठेवलं होतं, वही वहिनीले द्या." वहीत त्यांनी थरथरत्या अक्षरात गावांची नावं लिहिली होती, कोणती पिढी कुठे कुठे राहिली ती. मी वही कपाळाला लावली.

कार्डाबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही. सासूबाईच म्हणाल्या, "आता सनाच्या दिवशी आला तं तसाच नको जाऊस. आडनावाचा हायेस, भाऊच हायेस. रुखमे, पाट मांड. ओवाळ त्याले."

मला ते बरं वाटलं. पाटाभोवती रांगोळी मीच घातली. तबकात सुपारी, कुंकू, निरांजन ठेवलं. तो भिंतीशी उभा राहिला, पाटावर बसला नाही. रुख्मिणी स्वयंपाकघराच्या दारात. तबक तिच्या हातात देऊ गेले तर तिनं हात मागे घेतले.

सासूबाई म्हणाल्या, "काय करून राह्यली? शेषरावले ओवाळलं तसंच ओवाळाचं."

"नाई ओवाळत."

"काऊन?"

रुख्मिणी म्हणाली, "सुतक लागत नाई तं ओवाळनी कशी लागते, आई? बुढा मेला तवा आपले कोनी नोहोते. आज भाऊ झाले?"

मग शालिग्राम म्हणाला, अगदी शांतपणे, जसं तोलाचा आकडा सांगावा तसं, "वहिनी, मी ओवाळून घेनार नाई. तुमी काय ते समजून घ्या."

माझ्या हातात तबक तसंच होतं. निरांजनातलं तूप तबकात सांडलं.

समजलं. ज्येष्ठातले दोन दोन पिढ्यांचे कागद. मोकळ्या पानांवरच्या रेघा. मी शेजारी बसून पिढ्या मोजत होते.

तो न जेवता गेला. सासूबाईंनी रुख्मिणीला मारलं नाही. मारलं असतं तर बरं असं वाटावं असं बोलल्या. "रगत का ताक हाय, पानी घालत गेलं तं पातळ होते?" हे बराच वेळ बाहेर ओट्यावर बसून राहिले.

कार्तिक शुद्ध ५

रुख्मिणीशी बोलले. शेंगा फोडत होतो. म्हटलं, "त्याच्याबरोबर लग्न म्हणजे घरच्या घरात झालं. लोक शेण घालतील तोंडात."

"वहिनी, सटवाजीले कोनी पाह्यलं? बैलावरून भांडले नसते तं आमी एका घरी असतो, मंग गोष्ट वेगळी. ते भांडले. दहा पिढ्या कोनी कोनाच्या मयताले गेलं नाई. आता माह्यासाठीच तेवढं नातं जागं करता?"

"तुला कधी कळलं, की...?"

"रेघा मारता मारता." मग म्हणाली, "तुमीच नाव त्याच्या जवळ लिवलं."

मी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कारण जागा तिथेच होती. हे तिला सांगितलं. ती हसली. या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, त्याच्याशी नाही तर कोणाशीच नाही, इथेच राहीन, तुमच्या शेंगा फोडीन.

ती हट्टी नाही. आजवर कधी ताटातलं टाकलं नाही. म्हणून भीती वाटते.

कार्तिक वद्य २

जोशीबुवांना विचारलं, नाव न सांगता. ते म्हणाले, सपिंड सात पिढ्यांपर्यंत. सगोत्राला मात्र मर्यादा नाही. तुमच्या लोकांत तर कूळ आणि देवक पाहतात, ते एकच असेल तर पिढ्या मोजायचं कारणच नाही. मग थांबून म्हणाले, "मोडायचं असेल तर कोणी विचारायला येत नाही, बाई. तुम्ही आलात म्हणजे मोडायचं नाही, वाट काढायची आहे." मी म्हटलं, मला काहीच काढायचं नाही. सुपारी ठेवून आले.

वाट काढायची की नाही ते खरंच ठरलेलं नाही. चार वाती जास्त लावल्या. उत्तर आलं नाही. माझं मन सासूबाईंसारखंच म्हणतं की हे बरोबर नाही. आणि रुख्मिणीला पाहिलं की म्हणतं, कोणाचं काय बिघडलं. एकाच मनात दोन्ही कसं मावतं.

मार्गशीर्ष शुद्ध १०

आज बैठक. ह्यांचे चुलते उकंडराव, रुख्मिणीचे मेहकरचे मामा पंजाबराव, सासूबाई, हे. नांदुऱ्याहून शालिग्राम आणि त्याचे वडील किसनराव. मी दाराआड, पण दार उघडं ठेवायला ह्यांनीच सांगितलं.

वाटलं होतं किसनराव मुलासाठी गळ घालायला आले. तसं नव्हतं. त्यांनी कोटाच्या खिशातून माझं कार्ड काढलं, उकंडरावांपुढे ठेवलं. "मी पोरासाठी नाई आलो. हे वापस कराले आलो. माहा बाप तुमच्या घरी तीन दिवस बसून वंशावळ सांगून गेला, आन् तुमी त्याच्यासाठी डोक्यावर तांब्याभर पानी नाई घेतलं. अशा घरची पोरगी मले नको. पोरगा आयकत नाई, म्हनून तुमच्या समोर सांगतो."

सासूबाई म्हणाल्या, "नको तं नको. आमी का देऊन राह्यलो? भाऊबंदात देत असतात काय?"

उकंडराव कार्ड डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "वैनी, हे अक्षर तुमच्या सुनेचं. मजकूर कोनाचा?"

सासूबाई पदर सारखा करू लागल्या.

"नाई म्हंजे, इथं लिवलं की अंतर फार झालं, सुतक लागत नाई. आन् आज म्हनता भाऊबंद. दोन्ही कसं होईन? एक तं सांगा."

"लक्ष्म्या होत्या," सासूबाई म्हणाल्या.

"लक्ष्म्यांले मी का नाव ठेवतो. पन सुतक तुमी तोडलं. लिवून तोडलं. तोडलेल्या भाऊबंदाले पोरगी द्याले काय हरकत, हे मले कोनी समजावून सांगा." उकंडराव म्हातारे आहेत, गावात त्यांना तिरसट म्हणतात. शालिग्रामनं मान वर केली. मला दिसलं, वाट निघत होती.

मग उकंडराव म्हणाले, "एक मात्र साफ करा. कार्ड लिवलं ते लिवलं. घरात कोनी पानी घेतलं होतं काय? घेतलं असन तं सुतक धरलं असं होते, कार्ड खोटं होते." सासूबाई म्हणाल्या नाही. हे म्हणाले नाही. रुख्मिणी माझ्या मागून म्हणाली, नाही.

मला कोणी विचारलं नव्हतं. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. मी बसणारही होते. समोर देवघर होतं, त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं.

म्हटलं, "मी घेतलं होतं."

रुख्मिणीनं माझा दंड धरला होता, तो सोडला.

सासूबाई म्हणाल्या, "पाहा. लागलं ना सुतक. झालं मंग."

शालिग्राम खाली सतरंजीकडे पाहत होता. किसनरावांनी दाराकडे तोंड केलं. मला म्हणाले, "कवा घेतलं?"

"कार्ड वाचलं तेव्हाच. डोक्यावरून. तीन दिवस धरता आलं नाही."

"कोनी सांगितलं होतं काय?"

"नाही."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ ती नीट करत बसले. मग उकंडरावांना म्हणाले, "काका, मी वापस घेतो. मले पोरगी नको म्हनलं ते. ज्या हातानं या पोरीले वाढवलं तो हात पाह्यला मी. आता तुमचं तुमी पाहा."

सासूबाई बोलू लागल्या, पण उकंडरावांनी हात वर केला. "सून दुसऱ्या कुळातून आली. तिनं तिच्या मनानं पानी घेतलं, घरानं नाई घेतलं. घराचं सुतक तुटलेलंच." हे खरं शास्त्र आहे की त्यांनी तिथेच केलं, मला कळलं नाही. जोशीबुवांना विचारायचं धाडस नाही.

ठरलं ते असं. रुख्मिणीला मामांच्या मांडीवर बसवायचं, म्हणजे ती त्यांच्या कुळाची झाली. कन्यादान मामा-मामी करतील. आणि आजपासून दोन घरांचं सुतक कायम तुटलं. तिकडचं कोणी गेलं तर इकडे कोणी पाणी घ्यायचं नाही, इकडचं गेलं तर तिकडे नाही. उकंडराव मुद्दाम म्हणाले, "सूनबाईनंही नाई. नाई तं पुन्हा कोनी उकरून काढन. पोरीच्या अंगावर येईन." मी हो म्हटलं. दोनदा म्हणायला लावलं.

सासूबाई उठून आत गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांची पोथी ठेवायची जागा मात्र स्वतःच पुसून घेतली, रोज मी पुसते.

मार्गशीर्ष शुद्ध ११

कन्यादानाचं कोणी मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. बरोबरच आहे, एका मुलीला एकच कूळ असतं.

फाल्गुन वद्य ५

वंशावळीत रुख्मिणीचं नाव राहू द्यायचं नाही असं उकंडरावांचं म्हणणं. ती आता पंजाबरावांची. कागद खराब न करता खोडणं जमेना, म्हणून सगळी वंशावळ नव्यानं उतरवली. रेघा मीच मारल्या. वाकड्या आल्या. जुना कागद चुलीत घालायला सांगितलं होतं. नारायणरावांच्या वहीत घालून ठेवला आहे. चांगला जाड कागद आहे, फुकट कशाला जाळायचा.

शके १८६०, वैशाख शुद्ध १२

लग्न मेहकरला झालं. ऊन फार. झारी मी नेली होती, ती मामींच्या हातात दिली. त्यांनी पाणी सोडलं. हे आणि मी मांडवात पाहुण्यांच्या रांगेत उभे होतो, अक्षता टाकल्या. सासूबाई आल्या होत्या. निघताना रुख्मिणीला पोटाशी धरून म्हणाल्या, "पिठात मीठ कमी टाकत जाय, तुले अंदाज नाई."

रुख्मिणी माझ्या पाया पडली तेव्हा कानाशी म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी मी दंड सोडला तुमचा." मी म्हटलं, पडशात सुटतो हात. ती रडता रडता हसली.

मामींनी झारी परत दिली. चिंच लावून ठेवली.

आषाढ वद्य ८

नांदुऱ्याहून रुख्मिणीचं पत्र. सुखी आहे. शालिग्राम खामगावहून येताना तिला रेघांच्या वह्या आणतो, म्हणून लिहिलं आहे. घरात म्हातारे बसायचे ती खुर्ची तशीच ठेवली आहे, तिच्यावर कोणी बसत नाही.

भाद्रपद शुद्ध ५

ऋषिपंचमी. म्हाताऱ्यांना आज वर्ष झालं. उपास. बैलांच्या मेहनतीचं खात नाहीत आज, परसातली भाजी केली. उद्या-परवा महालक्ष्म्या, मुखवटे काढून ठेवले. सासूबाईंना पुरणाची डाळ निवडून दिली.

दुपारी न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. सकाळी अंघोळ झाली होती. उकाडा फार होता.